नाला उलटा वाहतो तेव्हा

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पूर बघायला पंचगंगेवर जावं लागत नाही. तो जयंती नाल्यातून उलटा चालत दारात येतो.

कारण साधं आहे. शहराचं पाणी उतारानं नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातं. नदीच नाल्याच्या तोंडापेक्षा वर चढली की तो उतार संपतो. आतलं पाणी अडतं आणि नदीचं पाणी आत शिरतं. राजाराम बंधाऱ्याजवळ धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये नदीनं ५५ फूट ओलांडले, जुलै २०२१ मध्ये ५६. मग नाला कितीही साफ केलेला असो, पाणी जाणार कुठं?

माझं आजोळ जोतिबावर. २०१९ ला मी तिथंच अडकलो होतो. पाऊस जरा उघडला तेव्हा डोंगरावरून खाली पाहिलं, तर चिखली-आंबेवाडीकडं नुसतं पाणी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं पाणी चिखलीच्या प्रयाग संगमाशी एकवटतं आणि तिथून पुढं पंचगंगा होते. एवढं पाणी पसरायला सपाट जागा लागतेच. आमच्या भाषेत सांगायचं तर नदीकाठ हा बफर आहे. तो लहान केला की लोड दुसरीकडं जातो.

हे सगळं आता आठवलं, कारण आई-बाबांसाठी फ्लॅट बघतोय. एक पसंत पडला. नाल्याजवळचा, मुरमाचा भराव टाकून उचललेला. एजंट म्हणाला, "२०२१ च्या पाण्यापेक्षा दोन फूट वर घेतलंय, सर. टेन्शनच नाही."

आमच्यापुरता त्याचा हिशोब बरोबर होता. पण भरावानं पाणी आटत नाही, त्याची जागा तेवढी जाते. ते शेजारच्या सखल गल्लीत सरकतं. त्या गल्लीत माझी मावशी राहते. दोन्ही पुरांत तिचा फ्रीज माळ्यावर चढवायला मीच होतो.

टोकन दिलं नाही. उंचावरचा फ्लॅट आठ लाखांनी महाग आहे, ईएमआय वाढेल. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलंस बाळा. पण दुसरा कोणीतरी घेईलच की रे."

घेईलच. म्हणून हे एकेकाच्या टोकनवर सोडून चालणार नाही. नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आखलेली आहे. त्या रेषांच्या आत भराव पडताना दिसला, तर तो आपल्या प्लॉटवर नसला तरी विचारायला हवं : इथलं पाणी आता कुणाच्या घरात जाणार?