देणगी मालकाची, पैसा कुणाचा?

निवडणूक जवळ आली की बेळगावच्या उद्यमबागेत विचारणा सुरू होते : अमक्या फौंड्रीवाल्याने कुठल्या पक्षाला किती दिले? मग, त्याला काम द्यायचे की नाही? आमच्याकडे मालक मराठी, सुपरवायझर कन्नड आणि मोल्डर दोन्हीकडचे. मालकाच्या मताची शिक्षा कारखान्याला दिली, तर पहिली झळ पाळीवरच्या माणसाला बसते. म्हणून स्वतःच्या, कर भरलेल्या पैशातून मालकाने दिलेल्या देणगीचा जाब कंपनीला विचारू नये, असे सनदी लेखापाल म्हणून माझे ठाम मत आहे.

पण तो पैसा खरोखर त्याचाच होता का, हे कंपनीने सांगितलेच पाहिजे.

पावती संचालकाच्या नावाची असते, आयकरातली वजावटही तोच घेतो. खातेवही उघडावी, तर त्याच आठवड्यात संचालकाच्या उचल खात्यावर तेवढीच रक्कम नावे पडलेली. मार्चअखेर ती उचल कधी प्रवासखर्चात जिरते, कधी कमिशनमध्ये, कधी नुसतीच पुढे ओढली जाते. अशी देणगी माझ्या लेखी कंपनीचीच. आणि कंपनीच्या देणगीला कंपनी कायद्याचे कलम 182 लागू होते : संचालक मंडळाचा ठराव हवा, नफा-तोटा पत्रकात नोंद हवी. नियम मोडला तर देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड, जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद.

हा वाद जुना आहे. पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून टाटा आयर्न अँड स्टीलने घटनापत्रकात बदल मागितला, तेव्हा 1957 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागलांनी परवानगी दिली. मात्र अशा पैशाने लोकशाहीला धोका आहे, हेही बजावले. 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, 1985 मध्ये उठली. 2017 मध्ये तर नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढली गेली. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बदल आणि निवडणूक रोखे दोन्ही रद्द केले. नंतर जाहीर झालेल्या रोखे-खरेदीदारांच्या यादीत कंपन्यांबरोबर लक्ष्मी मित्तल, किरण मजुमदार-शॉ अशी वैयक्तिक नावेही होती. नाव उघड असले की निदान प्रश्न तरी विचारता येतो.

निपाणी-चिकोडीकडे दुखणे अधिक खोल आहे. तिथे साखर कारखान्याचा वा पतसंस्थेचा कर्ताधर्ताच अनेकदा उमेदवार असतो. सभासद कोल्हापूर जिल्ह्यातही असल्याने कित्येक पतसंस्था बहुराज्य सहकारी कायद्याखाली येतात, आणि 2002 चा तो कायदा राजकीय पक्षाचे हित साधणाऱ्या संस्थेला पैशाने वा वस्तुरूपाने, थेट वा आडून, काहीही द्यायला मनाई करतो. मग प्रचारात फिरणारी संस्थेची जीप, तिचे डिझेल, पगारावरचे कर्मचारी कुठल्या खात्यात बसतात? ठेवी शेतकऱ्याच्या आणि विडी वळणाऱ्या बाईच्या आहेत. तिने कुणाला मत द्यायचे ते तिचे ती ठरवील. तिची ठेव परस्पर प्रचाराला लावण्याचा हक्क कुणालाच नाही.

वाचकहो, तुम्ही भागधारक वा सभासद असाल, तर वार्षिक सभेत चहा-नाश्त्याआधी अहवालातले संचालकांशी झालेल्या व्यवहारांचे पान उघडा आणि निवडणुकीच्या महिन्यांतल्या उचलीचा हिशेब उभे राहून मागा.