लंकेतला शनी

कळुतर, शनिवार

ती. आईस,


कोलंबोहून गॉलला जाणारी बस कळू गंगेच्या पुलाशी थांबली. कंडक्टर उतरला, बोधिवृक्षापाशी पेटीत नाणी टाकून परत चढला. मी तिथंच उतरलो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बोधीला पाणी घालत होती, दिवे लावत होती. मुलाला 'अपल' आहे, असं एका बाईंनी सांगितलं. म्हणजे ग्रह वाईट. शनीला इथं सेनसुरू म्हणतात आणि त्याचा धाक थेट तुझ्या साडेसातीचा! जोतिषी पत्रिका पाहून बोधिपूजा सांगतात. तू तेल शनीच्या डोक्यावर घालतेस. इथं ते बोधीखालच्या दिव्यांत जातं.

कँडी, बुधवार

काल यजमानांकडे रात्रभर पिरित, म्हणजे सुत्तांचं पठण होतं. नक्षीदार मांडव, त्यात पाण्याचं भांडं, तिथून निघालेला पांढरा दोरा भिक्खूंच्या हातांतून आम्हा सगळ्यांच्या हातांत. मंगल, रतन आणि करणीयमेत्त ही मुख्य सुत्तं. वैशालीत दुष्काळ, रोगराई आणि भुतांचा उच्छाद झाला, तेव्हा बुद्धाचा शिष्य आनंद याने बुद्धाच्या पात्रातलं पाणी शिंपडत रतनसुत्त म्हटलं, अशी कथा आहे. पहाटे दोरा मनगटाला बांधला, पाणी प्यायलो. आपल्याकडे बौद्ध वस्त्यांत परित्राण पाठ होतो, तोच हा.

गंमत पुढेच आहे. ग्रहणं वर्तवणं, मुहूर्त काढणं यांना ब्रह्मजालसुत्तात हीन विद्या म्हटलंय. तरी पिरितातच चंद्रसुत्त आहे: राहूने धरलेला चंद्र बुद्धाला शरण जातो आणि राहू घाबरून त्याला सोडतो. ग्रहांना नाकारलेलं नाही, बुद्धाच्या धाकात ठेवलंय.

पण ग्रहांशी खरी झटापट असते 'बली' विधीत, आणि तो भिक्खू करत नाहीत. तो परंपरेने बेरव जातीकडे, म्हणजे ढोल वाजवणाऱ्यांकडे. बांबूच्या चौकटीवर ओल्या मातीच्या ग्रहदेवता घडवायच्या, रंगवायच्या, आजाऱ्याला समोर बसवून रात्रभर बुद्धाचे गुण गात ढोल वाजवायचा. एवढी कलाकुसर, आणि विधी संपला की त्या मूर्ती टाकून द्यायच्या! ही जात सिंहली उतरंडीत खालची. आपल्याकडे ग्रहणात 'दे दान, सुटे गिऱ्हाण' म्हणत येणाऱ्यांना सुपातून दान घालायचे, पण उंबऱ्याच्या आत घेत नसत. तुला आठवत असेल. इथंही पीडा उतरवायची बेरवांनी आणि मान भिक्खूंचा. मला हा हिशेब पटत नाही.

तुझा,
बाळू