कला शाखा आणि कायदा : परंड्यातली टिपणे

1
अमेरिकेत मिझुरी राज्यात कर्क्सव्हिल नावाचे गाव आहे. 2010 च्या जनगणनेत वस्ती साडेसतरा हजार. तिथले सरकारी विद्यापीठ 1867 साली शिक्षक घडवण्यासाठी निघाले. 1985 साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून त्याचे काम बदलले. 1 जानेवारी 1986 पासून ते सगळ्या राज्याचे लिबरल आर्ट्‌सचे सार्वजनिक विद्यापीठ झाले. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, विज्ञान, सगळ्यांची ओळख एकाच विद्यार्थ्याला व्हावी, आणि खासगी कॉलेजची फी न भरता. 1996 पासून त्याचे नाव ट्रूमन स्टेट युनिव्हर्सिटी.

2
धाराशिव जिल्ह्यातले परंडा वस्तीने याच तोलाचे गाव.

3
कर्क्सव्हिलने कायद्यानंतर कित्येक अभ्यासक्रम बंद केले. शिक्षक होण्याची वाटही बदलली. आधी एखाद्या विषयाची पूर्ण पदवी, मग शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी. ज्याला इतिहास शिकवायचा आहे, त्याने आधी इतिहास शिकायचा.

4
एसटी स्टँडवर ऐकलेले :
"आर्ट्‌सला? का गं, मार्क कमी पडले का?"
"नाही काका. मला भूगोल आवडतो."

5
कायद्याने लहान गावात विद्यापीठ आणल्याचा आपल्याकडचा जवळचा दाखला रिद्धपूरचा. अमरावती जिल्ह्यातले महानुभावांचे तीर्थ. डिसेंबर 2023 मध्ये विधिमंडळाने तिथल्या मराठी भाषा विद्यापीठाचा कायदा मंजूर केला. 2024 मध्ये पहिले कुलगुरू आले, डॉ. अविनाश आवलगावकर. म्हाइंभटांनी लीळाचरित्र जिथे सिद्ध केले, तिथेच विद्यापीठ. त्याआधी 1997 साली रामटेकला कालिदासांच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ. भाषेसाठी केलेली ही दोन्ही विद्यापीठे पुण्या-मुंबईपासून दूर, लहान गावांत आहेत. हे चांगले झाले.

6
डोमगाव, परंडा तालुका, सीनेचा काठ. कल्याणस्वामींचा मठ. समर्थ सांगत, कल्याण लिहून घेत. दासबोधाची कल्याणांच्या हातची प्रत या मठाने सांभाळली. खुद्द परंड्यात हंसराजस्वामींचा मठ. हस्तलिखित कसे वाचायचे, पाठभेद म्हणजे काय, हे मराठीच्या विद्यार्थ्याला शिकवायला याहून जवळची जागा कोणती?

7
मलिक-ए-मैदान तोफ परंड्याच्या किल्ल्यात होती. 1632 साली ती विजापूरला गेली. वजन पन्नास टनांहून अधिक. ती कोणत्या सत्तेने ओतवली, हा इतिहास. कोणत्या मिश्रधातूची, हे रसायनशास्त्र. त्या काळच्या रस्त्यांनी, नद्या ओलांडून कशी नेली, हा भूगोल. तिच्यावर काय कोरले आहे, त्यासाठी फारसी आणि अरबी. एका तोफेला चार विषय लागतात.

8
महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016. अंमल 1 मार्च 2017 पासून. त्यात विद्याशाखा चार : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आंतरविद्याशाखीय अभ्यास.

9
नवे शैक्षणिक धोरण 2020 चे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला ते 2024-25 मध्ये लागू झाले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव. ओपन इलेक्टिव या चारांपैकी आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा. कल्पना उत्तम आहे. इतिहासाच्या मुलीने थोडे संख्याशास्त्र शिकावे, रसायनाच्या मुलाने थोडे तत्त्वज्ञान. पण लहान गावात विद्यार्थी विषय निवडत नाही. ज्या विषयाला शिक्षक आहे, तो विषय त्याच्या वाट्याला येतो.

10
तासिका तत्त्वावरचे सर. नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले. तास घेतला तर पैसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही.

11
परंडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या राज्याचे विद्यापीठ हैदराबादचे उस्मानिया, स्थापना 1918, शिकवण्याची भाषा उर्दू. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद. मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 ला सुरू झाले. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. कायदा केला होता द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधिमंडळाने. आपल्या भागात शिकता यावे, ही मागणी त्या कायद्याने पुरी केली.

12
27 जुलै 1978 : मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर. 14 जानेवारी 1994 : नामविस्तार. मधल्या साडेपंधरा वर्षांत दलित वस्त्या जळाल्या, माणसे गेली. विधिमंडळात हात वर झाले, एवढ्याने गोष्ट घडत नाही. मराठवाड्याइतके हे कोणाला ठाऊक?

13
बार्शी इथून पंचवीस-तीस किलोमीटर. तिथली कॉलेजे सोलापूर विद्यापीठाची. उत्तरेला जामखेड, ते पुणे विद्यापीठाचे. परंडा छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, विद्यापीठाचे, अंतर दोनशे किलोमीटरच्या वर.

14
याच जिल्ह्यात तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. 2012 साली तिथे समाजविज्ञानाची पदवी सुरू झाली. बारावी झालेली मुले मराठवाड्याच्या गावात राहून अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र एकत्र शिकू लागली. दुष्काळ त्यांना पुस्तकाबाहेर, आवाराच्या कुंपणापलीकडे दिसत होता.

15
राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक. निबंध लिहावा लागतो. "बी.ए. करून काय होणार" या प्रश्नाला हे एक उत्तर आहे. एकमेव नव्हे, सर्वांत मोठेही नव्हे.

16
मोठे उत्तर : ग्रामसभेचा ठराव वाचून त्यात काय लिहायचे राहिले हे ज्या मुलीला कळते, तिला कोणी सहज फसवू शकत नाही. हे वाचणे कला शाखेत शिकवले जाते. शिकवणारा वर्गात असेल तर.

17
धाराशिवला छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा उपपरिसर 2004 पासून आहे. त्याचे स्वतंत्र विद्यापीठ व्हावे, अशी मागणी आहे. कायदा करायची वेळ येईल तेव्हा मसुद्यात दोन कलमे हवीत. एक : या विद्यापीठात पदवी घेणारा प्रत्येक जण मानव्यविद्या आणि विज्ञान, दोन्ही शिकेल. दोन : ज्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक नेमलेला नाही, तो विषय प्रवेशाच्या माहितीपुस्तकात छापता येणार नाही.