ब्रोमेलियाडच्या पेल्यातलं पाणी

पुण्याच्या पूर्वेला, उन्हाळाभर टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत आमचं घर आहे. गॅलरी उत्तरेकडे. उजेड चांगला, ऊन मात्र नावाला. तिथे जास्वंद, गुलाब, मोगरा सगळं लावून झालं. पानं यायची, फूल नाही. एका जानेवारीत फुलांच्या प्रदर्शनात लालभडक तुऱ्याचं झाड दिसलं. विक्रेता म्हणाला, "मॅडम, सावलीत चालतं. फूल तीन-चार महिने हलत नाही." चारशे रुपये सांगितले, मी घासाघीसही केली नाही.

तो गुझमानिया होता. विक्रेत्याचं बोलणं खरं निघालं, तुरा मे महिन्यापर्यंत टिकला. तुरा म्हणजे फूल नव्हे, ती रंगीत पानंच असतात. खरी फुलं लहान, पिवळट-पांढरी. त्या पानांच्या बेचक्यांतून डोकावतात आणि लवकर गळून जातात. विक्रेत्याने एक गोष्ट तेवढी सांगितली नव्हती. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि फुलल्यावर हळूहळू मरतं.

पण त्याआधी पाण्याने पिडलं. झाड आलं ते नुसत्या कोकोपीटमध्ये, घट्ट दाबून भरलेलं. आठवड्याभरात खालची पानं पिवळी पडायला लागली. माझी भाची कृषी महाविद्यालयात शिकते. तिने कुंडीत बोट घातलं आणि म्हणाली, "मावशी, हे अननसाचं भावंड आहे. पण अननसासारखं जमिनीत वाढणारं नाही. हे जंगलात दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसतं. याच्या मुळांना कशाला एवढं पाणी?"

मग तिने समजावून सांगितलं. अननसाच्या या कुळातल्या झाडांना ब्रोमेलियाड म्हणतात, त्यांच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत. आफ्रिकेतली एक जात सोडली तर सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. गुझमानिया तिकडच्या दमट जंगलातला. झाडावर बसतो, पण बांडगुळासारखा झाडाचं काही खात नाही. मुळं मुख्यतः धरून ठेवण्यापुरती. पानं एकमेकांत बसून मधे पेला तयार होतो, त्यात पाऊस साठतो, पालापाचोळा पडून कुजतो. पानांच्या बुडाशी बारीक खवले असतात, त्यांतून झाड पाणी आणि अन्न शोषतं. म्हणजे पाणी पेल्यात घालायचं आणि कुंडी नुसती ओलसर ठेवायची. बहुतेक माणसं नेमकं उलट करतात, कारण आपल्या बाकीच्या सगळ्या झाडांना पाणी बुडाशीच लागतं.

आम्ही मिश्रण बदललं. नारळाच्या सोडणाचे तुकडे निम्मे, बाकी लाकडी कोळशाचे बारीक खडे आणि थोडं पर्लाइट. माती अजिबात नाही. सोडणाचे तुकडे आधी दोन-तीन पाण्यांत भिजवून घ्यावेत, त्यांत मीठ असतं. कुंडी लहानच ठेवली. पिवळी पडलेली पानं गेली, पण पुढची सडायची थांबली.

मार्चपासून टँकर सुरू झाले. टँकरचं पाणी बोअरचं, जड. बादलीला पांढरा थर धरतो तसा थर पानांवरही धरला. पेल्यातलं पाणी उडून जायचं आणि क्षार मागे राहायचे. पानांची टोकं करपली. शेजारच्या काकूंनी सुचवलं, फिल्टरचं पाणी घाल. फिल्टरमधून आलेलं चांगलं पाणी चालतं, पण ते झाडांना ओतायला जीव होत नाही. आणि बाजूच्या नळीतून जे वाया जातं ते तर टँकरपेक्षाही खारट असतं. काकू त्यातच भांडी घासतात, ते ठीक. ब्रोमेलियाडला ते घालू नये. शेवटी उपाय पावसाचाच. गच्चीच्या पन्हाळीखाली झाकणाचे दोन पिंप ठेवले. पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी जाऊ द्यायचं, मग भरायचे. झाकणाखाली जाळी घट्ट बांधायची. ते पाणी मी फक्त पेल्यांसाठी राखते. एसीतून ठिबकणारं पाणीही क्षारमुक्त असतं, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून येतं म्हणून मी टाळते. तांब्याचं कारण पुढे येईल.

तुरा तपकिरी झाला तसं घरात एकमत झालं की झाड मेलं. कामाला येणाऱ्या मावशींनी ते कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलं होतं. बुडाशी दोन हिरवे कोंब दिसले म्हणून परत आणलं. हीच पिल्लं. आई झाड त्यांना पोसत वर्षभर जगतं, कधी जास्तही. घाई करून पिल्लू तोडलं तर ते खुरटतं. आईच्या निदान एकतृतीयांश उंचीचं होऊ द्यायचं, निम्मं झालं तर उत्तम. मग कुंडी रिकामी करून धारदार सुरीने अगदी बुडाशी कापायचं. जखम एक दिवस सुकू द्यायची. मुळं नसली तरी बिघडत नाही, फुटतात. फक्त खोल लावायचं नाही, नाहीतर बूड सडतं. झाड हलत असेल तर काडीला बांधायचं. सुकलेला तुरा खालून कापून टाकला तर चालतो.

माझी धाकटी बहीण सावंतवाडीला असते. तिच्या परसात आंब्याच्या खोडावर याच कुळातले निओरेगेलिया बांधलेले आहेत, सुतळीने, बास. ती त्यांच्याकडे वर्षानुवर्षं बघत नाही. पाऊस भरतो, दमट हवा सांभाळते. तिने मला सहा-सात पिल्लं दिली. "ताई, काही करावं लागत नाही गं याला," म्हणाली. कोकणात आणि गोव्यात खरंच लागत नाही. पुण्यात एप्रिलची कोरडी हवा वेगळी. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

निओरेगेलियाचा रंग पानांत असतो आणि त्याला उजेड गुझमानियापेक्षा जास्त लागतो. माझ्या गॅलरीत सगळे हिरवे पडले. ते मी गच्चीवर हिरव्या जाळीखाली नेले, तिथे दोन महिन्यांत लाली परत आली. एकदम उन्हात ठेवू नयेत, पानांवर भाजल्याचे पांढरट डाग पडतात आणि ते जात नाहीत. खतही जपून. नत्र जास्त झालं की पानं लांबुळकी आणि हिरवीगार होतात. मी पावसाळ्यात एखाद-दोनदा पातळ केलेलं द्रवखत मिश्रणात घालते, पेल्यात नाही.

खरी कटकट ऑगस्टमध्ये झाली. डेंग्यूची तपासणी करणारी मुलं सोसायटीत आली. बॅटरी मारून त्यांनी माझ्या गच्चीवरच्या एका पेल्यात अळ्या दाखवल्या. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला. त्या महिन्यात आमच्या इमारतीत दोघांना डेंग्यू झाला होता. तो माझ्या झाडांमुळे झाला असं कुणी म्हणालं नाही, पण लिफ्टमध्ये बोलणं थांबायचं. सेक्रेटरी घरी आले. "वहिनी, झाडं सुंदर आहेत, पण काढा." तपासायला आलेल्या मुलाने रॉकेलचे थेंब टाकायला सांगितलं. ते कुणीही करू नये. तेलाचा तवंग पानांच्या त्याच खवल्यांवर बसतो ज्यांतून झाड पाणी पितं.

मी आठ दिवसांची मुदत मागितली. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणूनच तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतात. रविवार आणि बुधवार ठरवले. त्या दिवशी प्रत्येक कुंडी उलटी करायची. नुसतं ओतून भागत नाही, अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि सुकली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून पाइपच्या जोरदार धारेने पेला आतून धुवायचा, पुन्हा उलटा करायचा, मग ताजं पाणी घालायचं, तेही पाव पेलाच. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा चार दिवस पेले कोरडे राहिले तरी झाड कुरकुरत नाही. गावाला जायचं असेल तर सगळ्या कुंड्या आडव्या करून जाते. शिवाय बीटीआय नावाचं जिवाणूंचं औषध मिळतं. ते अळ्यांनाच मारतं, झाडाला काही करत नाही. पुढच्या तपासणीला काही सापडलं नाही. सेक्रेटरींनी विषय सोडला. काकू मात्र अजून खाली येऊन वर बघतात.

पुढच्या पावसाळ्यात तांब्याने दणका दिला. सोसायटीचे माळीकाका बागेतल्या गुलाबांवर बुरशीचं निळं औषध मारत होते. मी ऑफिसात. त्यांनी आपुलकीने विचारलं, "आजी, वरच्या झाडांवरपण मारू का?" सासूबाई हो म्हणाल्या. ते औषध तांब्याचं, कॉपर ऑक्सिक्लोराइड. गुलाबाला, द्राक्षाला, लिंबाला ते चालतं. ब्रोमेलियाडला तांबं विष आहे. पेल्यात साठलेलं औषध झाड पीत राहिलं. मला कळलं तेव्हा दोन दिवस झाले होते. सगळे पेले तीन-चारदा धुतले. तरीही मधली पानं ओढली की हातात यायला लागली. निम्मी झाडं गेली. सासूबाईंना मी काहीच बोलले नाही. त्यांनीच दोन दिवस जेवताना विषय काढला. आता तांब्याच्या तांब्यातलं रात्रीचं उरलेलं पाणी त्या तुळशीला घालतात, या झाडांना नाही. माळीकाकांसाठी गच्चीच्या दारावर पाटी लावली आहे.

पिठ्या ढेकूण झाला तरी मी फवारणी करत नाही. सर्जिकल स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून पानांची बेचकी पुसून काढते. वेळ जातो, पण काम होतं.

त्या पहिल्या गुझमानियाचं एक पिल्लू दोन वर्षांत आईएवढं झालं, पण फुलेना. भाचीने सफरचंदाचा उपाय सांगितला. पिकलेल्या सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने या कुळातल्या झाडांना फुलोरा धरतो. अननसाचे शेतकरी इथ्रेल नावाचं औषध वापरतात ते याच कारणासाठी. प्रदर्शनात एकाच दिवशी सगळ्या कुंड्या फुललेल्या दिसतात त्यामागेही बहुतेक हेच असतं. पेला रिकामा केला, सफरचंद कुंडीत ठेवलं, वरून मोठी पारदर्शक पिशवी बांधली आणि उन्हापासून लांब आठवडाभर ठेवलं. नंतर दोन-अडीच महिन्यांनी मधे लालसर टोक दिसलं. हे पूर्ण वाढलेल्या झाडावरच करावं. लहान झाडावर केलं तर तुरा किडकिडीत येतो आणि झाड उगाच संपतं.

पहिल्यांदा घेणार असाल तर फुललेला गुझमानिया घेऊ नका, तो आपलं आयुष्य जगून झालेला असतो. याच कुळातला बिलबर्जिया मागा. दिसायला साधा, फुलोरा जेमतेम दोन आठवडे टिकणारा, पण पुण्याच्या मे महिन्यातही मरत नाही आणि पिल्लं भरपूर देतो. माझ्याकडे जास्तीची झाली की मी सोसायटीत वाटते. रविवार-बुधवार पेला धुवायचं कबूल करणाऱ्यालाच देते.