आज्जीचे चिंचोके

परवा भाचा फुरंगटून आला. मोबाईलवर फुली-गोळा खेळत होता, मशीनशी. "आत्या, हा चीटिंग करतो. एकदाही हरत नाही!" नऊ घरं, आठ रेघा, दोघंही न चुकता खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो, हे त्याला सांगून पाहिलं. "मग खेळायचंच कशाला?" म्हणत पठ्ठ्या बाहेर पळाला. आणि मी मनातल्या मनात जाऊन बसले आजोळच्या ओट्यावर...

आजोळ करमाळा तालुक्यातलं, उजनी धरणाच्या काठचं. म्हणजे माझ्या लहानपणी धरणाच्या काठचं. आईच्या लहानपणी ते खाली होतं, भीमेच्या काठी. धरणाचं काम १९६६ ला सुरू झालं, १९८० ला पुरं झालं. त्याआधीच सगळं गाव उठून वर माळावर आलेलं. मे महिन्यात पाणी मागे हटायचं, गाळपेरीची पिकं निघालेली असायची आणि आम्हा पोरांना मैलभर मऊ गाळ मोकळा मिळायचा.

त्याच गाळावर बाभळीच्या काटकीनं घरं आखून मामेभावानं मला फुली-गोळा शिकवला. शिकवला कसला, नुसता हरवत राहिला. हरलं की टप्पल. पुढे कॉलेजात असताना वाचलं की डोनाल्ड मिकी नावाच्या ब्रिटिश संशोधकानं १९६१ साली ३०४ काडेपेट्यांचं एक 'यंत्र' केलं होतं. प्रत्येक पेटी म्हणजे डावातली एक स्थिती, आत रंगीत मणी, हाताला जो रंग येईल ती खेळी. हरलं की त्या खेळीचा मणी काढून घ्यायचा, जिंकलं की वाढवायचे. असं करत करत पेट्या चक्क खेळायला शिकल्या! वाचलं आणि वाटलं, ही तर मीच. फक्त माझे मणी टपलांचे होते.

तर त्या सुट्टीच्या शेवटी मला मधलं घर कळलं, कोपरे कळले, आणि डाव सुटायला लागले बरोबरीत. लगेच भावाचा रस संपला. मग मी पाटी घेऊन आज्जीला गाठलं.

आज्जीला लिहिता येत नव्हतं. फुली झकास जमली, गोळ्याची तोंडं काही केल्या जुळेनात. दोन डाव माझ्या समाधानासाठी खेळली, मग पाटी बाजूला सारून म्हणाली, "ह्यात काय गं? एकदा मांडलं की मांडलं. हलवायचं न्हाई व्हय?"

फडताळातून तीन चिंचोके आणले, अंगणातले तीन खडे मला दिले. कोळशानं ओट्यावर चौकोन, त्यात उभी-आडवी रेघ, कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन तिरप्या. आळीपाळीनं तिन्ही मांडायचे. पण डाव तिथं संपत नाही, तिथं सुरू होतो. रेघेवरून शेजारच्या मोकळ्या जागी एकेक सरकवायचा, तिघं एका ओळीत येईपर्यंत. मी मधलं घर पकडून बसायचे, तिथून हलायची भीती वाटायची. आज्जी खुशाल हलायची आणि जिंकायची.

"म्हायेरात देवळाच्या फरशीवर कोरल्याला हुता पट. गुरं पान्यावर लावली की आमी पोरी बसायचो."

"मला ने ना तिथं."

"कुठं नेऊ बया? म्हायेर बी पान्यात, सासर बी पान्यात." आणि माझा खडा उचलून, "त्यो न्हाय, ह्यो हलव."

माहेरच्या जमिनीचा मोबदला भावांना मिळावा म्हणून तिनं हक्कसोडीच्या कागदावर अंगठा दिला होता, हे मला फार उशिरा आईकडून कळलं. तोवर आज्जी गेली होती.

२०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नासच्याही खाली गेलं. (बाहेरच्यांना या उण्याचं हसू येतं. धरण भरलं की साधारण ११७ टीएमसी पाणी, त्यातलं ६३ च्या आसपास मृतसाठा. पाणी त्याच्या खाली उतरलं की मोजणी उण्यात!) पलीकडे इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, लोक गाड्या करून बघायला जात होते. मी मात्र मामाला म्हटलं, आज्जीचं माहेर दाखव. मामानं लांबवर हात केला. जोत्यांचे दगड होते, एक वठलेलं खोड होतं, सुकत टाकलेली जाळी होती. देऊळ असेल तिथं गुडघाभर गाळ, भेगाळलेला. पायानं थोडा उकरून पाहिला. मामा म्हणाला, "आगं, सोड आता. ऊन लागंल."

मघाशी भाच्याला परत बोलावलं. चिंचोके घरात होतेच, तीन दिले. खडूनं फरशीवर पट काढला. (वहिनीची माफी मागून.) पहिले तीन डाव त्याला कळेना की मांडून झाल्यावरही खेळायचं असतं. चौथ्याला मी मधलं घर धरून बसले होते, आणि त्यानं कडेकडेनं सरकत मला हरवलं.

खडे माझ्याकडे ढकलत म्हणाला, "मांड, आत्या."