पाण्यातली म्हैस

'पाण्यात म्हैस, बाहेर मोल' ही म्हण तुम्ही शाळेत पाठ केलेली असेल. वस्तू नीट न पाहताच तिची किंमत ठरवणे, हा तिचा अर्थ. परीक्षेपुरता तो बरोबरच आहे. मात्र म्हशीचे मोल करायला निघालेल्या माणसाला ती पाण्यातच का सापडावी, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या दारात म्हैस आहे, त्यांना तो विचारावाच लागणार नाही.

म्हशीची कातडी काळी, अंगावर केस विरळ, आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फारच थोड्या. ऊन ती शोषून घेते. घामावाटे बाहेर टाकणे तिला जमत नाही. खानदेशात मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा तिला पाणी लागते ते केवळ पिण्यासाठी नव्हे. डुंबणे ही तिची हौस नसून तिच्या शरीराची गरज आहे.

माझे माहेर जळगाव जिल्ह्यात, अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी. सासर धुळे तालुक्यात, पांझरेच्या बाजूला. दोन्हीकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात डोहांचा उल्लेख हमखास येतो. नदी आटली तरी वळणावरच्या डोहात पाणी राही. दुपारी गावची जनावरे तिकडे जात आणि म्हशी नाकपुड्या व शिंगे तेवढी वर ठेवून तास न् तास बसत. पुढे वाळू उपसली गेली, विंधनविहिरी वाढल्या, भूजल खोल गेले. पाणी धरून ठेवणारी वाळूच गेल्यावर डोह कसे टिकणार?

त्या डोहांत कासवेही असत. मागच्या पायांवर मांसल झडपा असलेली, उन्हाळ्यात चिखलात स्वतःला पुरून घेणारी. म्हशीसाठी माणूस अंगणात पाणी करू शकतो, कारण तिचे दूध त्याला हवे असते. कासवासाठी असे कोणी करणार नाही. शिवाय 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरी पाळताही येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण डोह गेल्यावर त्याने कुठे जावे, याचे उत्तर केवळ कायद्याच्या पुस्तकात नाही.

आमच्या घरी दोन मुऱ्हा म्हशी आहेत. त्यांच्यासाठी हौद बांधायचा आग्रह सासूबाईंचा. लांबी पंधरा फूट, रुंदी दहा फूट. एका टोकाला जमिनीच्या पातळीपासून सुरू होऊन दुसऱ्या टोकाला तीन फूट खोल. पायऱ्या मुळीच नाहीत, एकसारखा उतार. गवंड्याने तळ घोटून गुळगुळीत करायला घेतला, तेव्हा सासूबाईंनी त्याला थांबवले आणि ओल्या सिमेंटवर खराट्याने आडवे ओरखडे काढायला लावले. गुळगुळीत तळावर म्हैस पाय फाकून पडली, तर पुन्हा उभी राहीलच असे नाही. वर पऱ्हाट्यांचा मांडव घातला, कारण उघड्या हौदातले पाणी दुपारी इतके तापते की त्यात बसून काही उपयोग होत नाही. खोल बाजूला तळाशी पाइप आणि त्याला लाकडी गुडदी.

खरा वाद हौदाचा नव्हता, पाण्याचा होता. असा हौद भरायला सहा हजार लिटरांहून अधिक पाणी लागते आणि दर तिसऱ्या दिवशी ते बदलावे लागते. सासरे म्हणत, "विहीर तासभर चालत नाही आणि तुम्ही म्हशींना आंघोळी घालता!" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्या पांझरेकाठी फड पद्धतीत पाटकऱ्याने ठरवून दिलेल्या पाळीने शेतांना पाणी मिळत आले, तिथल्या माणसाला पाण्याची उधळपट्टी सहन होत नाही. सासूबाईंचा हिशेब निराळा होता. उन्हाने दूध घटते, हे सर्वांना दिसते. त्यांना दिसत होते ते मुका माज. उन्हाळ्यात म्हशीचा माज बाहेर कळत नाही, अनेकदा रात्रीच येऊन जातो. तो एकदा चुकला की वेत लांबते आणि भाकड काळ वाढतो. त्या महिन्यांचा चारा कोणाच्या वहीत लिहायचा?

तडजोड पाइपने केली. हौदातले गढूळ पाणी गुडदी काढताच पाटाने मक्याच्या वैरणीला जाते, शेणा-मुतासकट. वैरणीला पाणी द्यायचेच होते, ते आता म्हशींच्या अंगावरून जाते, एवढेच. सासऱ्यांनी हे मान्य केले, मोठ्या आनंदाने केले असे नाही.

हौद म्हणजे डोह नव्हे, हेही सांगितले पाहिजे. त्यात चिखल नसतो. अंगावर वाळलेला चिखलाचा थर माश्यांपासून जे रक्षण करतो, ते स्वच्छ पाण्याने होत नाही. आमच्या म्हशी बाहेर येताच पाटाकाठच्या ओल्या मातीत लोळतात. मग धार काढण्यापूर्वी कास धुऊन, कोरडी पुसून घ्यावी लागते. नाहीतर कासदाहाची भीती. संध्याकाळचे काम त्यामुळे वाढले आहे, आणि ते घरातल्या बायकांच्याच वाट्याला आले आहे.

मेच्या मध्यानंतर विहिरीचा तळ दिसू लागतो. तेव्हा हौद भरत नाही. ओली गोणपाटे पाठीवर टाकायची, वरून दोन-दोन बादल्या ओतायच्या, आणि पावसाची वाट पाहायची. तरीही अकराच्या सुमारास दावे सोडले की दोन्ही म्हशी आपल्या आपण हौदाकडे चालू लागतात, उतारावरून खाली उतरतात आणि कोरड्या तळावर, मांडवाच्या सावलीत, जिथे पाणी असायचे तिथेच बसतात. सासूबाई बादल्या तिथेच नेतात.