गुळगुळीत

माणसाची आर्थिक स्थिती कळायला पासबुक पाहावं लागतं, असं आमच्या बँकेत मानतात. माझं मत वेगळं आहे. शाखेबाहेर लावलेल्या मोटारसायकलींचे टायर पाहावेत. आमच्या कळंबला येणाऱ्या खातेदाराला यंदा कांद्यात काय सुटलं, ते मी अर्ज न वाचता सांगतो. टायरवर नक्षी दिसत असेल तर भाव लागला. तळहातासारखा गुळगुळीत असेल तर हप्ता थकणार!

आता गंमत पाहा. मोटोजीपी ही मोटारसायकलींची जगातली सर्वांत मोठी शर्यत. तिथे कोरड्या दिवशी लावतात तो टायर नवा कोरा असतानाच गुळगुळीत असतो! एक खाच म्हणून नाही. कारण खाच असते पाणी बाहेर काढायला. पाणीच नसेल तर खाच म्हणजे वाया गेलेली जागा. तेवढं रबर रस्त्याला टेकत नाही, तेवढी पकड कमी. पाऊस आला की मात्र हाच टायर पाण्यावर तरंगायला लागतो. मग खोल खाचांचा, मऊ रबराचा पावसाळी टायर हवा. तो कोरड्यात पळवला तर तापून भराभर झिजतो.

बरं, कोरड्यातही पोटभेद आहेत. मऊ रबर लगेच तापतं, घट्ट धरतं आणि लवकर संपतं, आमच्या पगारासारखं. कठीण रबर उशिरा तापतं, पण टिकतं, पोस्टाच्या सर्टिफिकेटासारखं. ट्रॅक किती तापलाय, डांबर किती खरखरीत आहे, हे पाहून निवड करायची, आणि तीही घटकाभरात. 'वरिष्ठ कार्यालयाकडे मार्गदर्शनार्थ सादर' ही सोय तिथे नाही. 2017 साली चेक प्रजासत्ताकात ब्रनोच्या ओल्या ट्रॅकवर मार्क मार्केझने मऊ पावसाळी टायर निवडला आणि तो मागे पडू लागला. पण ट्रॅक वाळतोय हे ओळखून दुसऱ्याच फेरीला तो आत शिरला, कोरड्या टायरची दुसरी गाडी घेऊन निघाला आणि सुमारे 12 सेकंदांनी जिंकला. टायर बदलायला वेळ नको म्हणून हे लोक अख्खी गाडी बदलतात! आमच्याकडे पंक्चर काढायला तिघांचा सल्ला लागतो.

हे सारं ज्ञान मला भाच्यामुळे मिळालं. जानेवारी 2024 मध्ये पुण्यात सुपरक्रॉसची शर्यत झाली. ती पाहून आल्यापासून त्याला आपल्या गाडीला तसलेच गोट्यागोट्यांचे टायर हवे झाले. एके दिवशी दाजी पैसे काढायची स्लिप घेऊन काउंटरवर आले. मागे चिरंजीव. दाजींनी स्लिप सरकवली आणि 'पास करू नका' असं डोळ्यांनीच विनवलं.

"मामा, चिखलात कसले धरतात ते टायर!"

"धरतात की. पण तू कॉलेजला कुठून जातोस?"

"हायवेनं."

"मग? त्या गोट्या मातीत रुतायला असतात. चिखल असेल तर उंच आणि लांब लांब, कडक माती असेल तर बुटक्या आणि जवळजवळ. डांबरावर नुसती त्यांची टोकं टेकतात. ओल्या डांबरावर ब्रेक दाबलास म्हणजे?"

तो गप्प झाला. गेल्या पावसाळ्यात त्याच्याच वर्गातला एक मुलगा त्या रस्त्यावर घसरला होता. तो अजून काठी घेऊन चालतो. त्या पैशांतून खाचांचे दोन साधे टायर आले. भाच्याने चार दिवस मला 'मामा' म्हटलं नाही. दाजींनी मात्र पाचव्या दिवशी टोमॅटोचं क्रेट पाठवलं.

शर्यतीच्या स्वाराला एका दिवशी एकच ट्रॅक. आमच्या दूधवाल्याला पहाटे वस्तीवरची माती, ओढ्यातलं पाणी, ट्रॅक्टरने रस्त्यावर सांडलेला चिखल, कडेची खडी आणि मग हायवेचं डांबर, इतके ट्रॅक लागतात. वर दोन्ही बाजूंना भरलेले कॅन. टायर मात्र एकच जोडी. पहिल्या पावसात डांबरावरची धूळ आणि तेल यांचं जे लोणी होतं, त्यावरून तो रोज बक्षिसाविना पार होतो.

तेव्हा मृग लागण्याआधी एकदा वाकून टायर पाहा. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायरची मुदत संपली. ही एकच मुदत अशी आहे, की साहेबांची ओळख काढूनही ती वाढवून मिळत नाही.